चोघडिया पाहून केलेला अपडेट

मित्रांनो, आज फार थकलोय.

इच्छापोरच्या आमच्या कारखान्यात मला सर्व्हरचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, अपडेट करायचा होता. शेठनी चोघडिया, म्हणजे दिवसाच्या शुभ-अशुभ वेळांचं कोष्टक, पाहून सकाळी सातची वेळ दिली. तेव्हाच कामगारांची पाळी बदलते, हे माहीत असून मी गप्प बसलो.

नव्या कर्नलवर सर्व्हर सुरूच होईना. त्यावर चालणारं हजेरीचं मशीन बंद पडलं, गेटवर रांग लागली. रांगेतले धुळ्याचे एक काका म्हणाले, "भाऊ, अंगठा वेळेत लागला नाही तर अर्धाच दिवस धरतात."

शेवटी जुना कर्नल निवडला, तेव्हा सर्व्हर उठला. पण काकांचा अर्ध्या दिवसाचा पगार गेलाच.

मीही रोज देवापुढे हात जोडतो, म्हणून शेठच्या मुहूर्ताला दोष देत नाही; पाळीचं मीच सांगायला हवं होतं. उद्या शेठना सांगणार आहे, चूक माझी. तुम्ही असता तर आधीच बोलला असता का?