सुमंगलाबाईंची उघडी माटोळी

आमच्या सासूबाई, सुमंगला, भांडायला उभ्या राहिल्या की डिचोलीच्या बाजारातल्या मासळीवाल्यासुद्धा गप्प बसतात. हे मी कौतुकाने सांगतेय बरं का! सावंतवाडीहून लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या आवाजानेच मला धडकी भरायची. आता मी तोच आवाज शिकतेय.

आमच्या घरामागे भाट होतं. भाट म्हणजे जुन्या झाडांची मोकळी जमीन. मालक कायमचे वास्कोला, त्यामुळे ते अख्ख्या वाड्याचंच, म्हणजे आमच्या सगळ्या वस्तीचंच झालेलं. बाजारात जायची पायवाट तिथूनच. पोरं आंबाड्याच्या झाडाखाली खेळायची, बायका झरीवर कपडे धुता धुता साऱ्या गावाची उणीदुणी काढायच्या. भर मे महिन्यात आमच्या पडवीत पंखा लागायचा नाही, ते त्या झाडांमुळे.

मोपाला विमानतळ झाला आणि जमिनीचे दलाल आमच्या वाड्यापर्यंत येऊन पोचले. शेवटी भाट घेतलं ते परक्याने नाही, आमच्याच शेजारच्या गौरेशने. सासूबाईंच्या हातची खीर खाऊन वाढलेला पोर! आता पांढरे बूट घालतो आणि इमारती बांधतो. भाटात फ्लॅट, खाली दुकानं, पुढे गाड्या. फक्त एक अडचण. इमारतीला रुंद रस्ता हवा आणि तो आमच्या अंगणातूनच निघू शकतो. म्हणजे सासूबाईंची सही हवी.

"काकी, एक दुकान तुमच्या नावावर करतो," तो पडवीत बसून म्हणाला. माझा नवरा शिवदास लगेच सरसावून बसला. माझ्याही तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू? मला शिलाईचं दुकान काढायचं होतं.

"आणि झाडं?" सासूबाईंनी विचारलं.

"कसली झाडं गो काकी? रान माजलंय. पडीक, रिकामी जागा ती."

झालं! रिकामी म्हटल्याबरोबर सासूबाईंचा पारा चढला. अंगणात येऊन, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात त्या म्हणाल्या, "रिकामी? मग ऐक. यंदाची माझी माटोळी त्या भाटातून भरणार. बाजारातली एक सुपारी आणणार नाही. एक जरी चौकोन रिकामा राहिला तर सही तुझी!"

चवथीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिच्या चौकोनाचौकोनात रानातली फळं-फुलं बांधतात, ती माटोळी. घरी आलेला माणूस आधी देवाला हात जोडतो आणि मग मान वर करून माटोळी बघतो. काय काय बांधलंय यावर आमच्या वाड्यात चार दिवस चर्चा चालते. भाटात आंबाडे होते, नीरफणस होता, सुपाऱ्यांचे घड, केळी, कवंडळं, कांगणांच्या वेली. सासूबाई हरणार नव्हत्या. गौरेशलाही ते ठाऊक होतं, कारण लहानपणी आमच्या माटोळीचे आंबाडे तोच झाडावर चढून काढायचा.

माटोळीचं सामान ताजं राहावं म्हणून आदल्या दिवशीच काढतात. त्या सकाळी आम्ही सगळे चित्रशाळेतून मूर्ती आणायला गेलो. परत आलो तर घरामागून उजेड येत होता. आमच्या स्वयंपाकघरात इतका उजेड मी कधी पाहिला नव्हता. मागच्या शेतातून जेसीबी घालून गौरेशने भाट साफ केलं होतं. आंबाडा आडवा पडलेला, झर चिखलाने भरलेली.

सासूबाई रडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघितलं आणि गौरेशला अशा शिव्या दिल्या की शिवदास माझ्याकडे बघतच राहिला.

वाड्यातल्या बायका धावत आल्या. "माटोळीचा बाजार अजून भरलाय, आम्ही आणून देतो." सासूबाईंनी डोळे पुसले. "नको. आणणार नाही म्हटलं ना?" त्यांनी चौकट टांगायला लावली. आमच्या अंगणातला एक नारळ मधोमध बांधला, देवाचा मान म्हणून. बाकी सगळी चौकट उघडी.

चवथीला आरतीत वाजवायचं घुमट घेऊन वाडा आमच्याकडे जमला. जो येई तो सवयीने वर बघे आणि तसाच उभा राही. कोणीतरी पुटपुटलं, अपशकुन आहे हा. "आहेच!" सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मिठाईचा डबा घेऊन गौरेश आला. दरवर्षी येतो, यंदा का चुकवील? देवाला नमस्कार केला, वर बघितलं आणि हसला.

"काकी, चौकोन रिकामे राहिले गो. पैज मी जिंकली."

आरती थांबली. सासूबाईंनी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला आणि शांतपणे विचारलं, "गौरेश, जागा रिकामी होती ना रे? मग जेसीबी काय काढायला आणलास?"

गौरेशने सगळ्यांकडे एकदा बघितलं. हातातला प्रसाद तसाच घेऊन तो पायऱ्या उतरला.

विसर्जनानंतर सगळ्यांनी माटोळ्या उतरवल्या. आमची तशीच टांगलेली आहे. शिवदास उंच, येता-जाता त्याचं डोकं नारळावर आपटतं. दिवाळीत गौरेशने माणूस पाठवला, सहीचं काय झालं म्हणून. यावेळी सासूबाई आत होत्या, मीच दारात गेले.

"आता अट बदलली. माटोळी भरली की सही," मी सांगितलं, चांगलं अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "भाटातल्या सामानानेच भरायची आहे. तुझ्या मालकाला सांग, आंबाडा लाव."