शेरेबुकातलं तिसरं वाक्य

"अक्षर बरं असलेली एखादी मुलगी पाठवा. मी सांगतो, ती लिहील."

वकीलसाहेब असं म्हणाले आणि मोठ्या बाईंनी माझ्याकडे बोट केलं. अकोल्यातलं आमचं मुलींचं वसतिगृह. बाई आमच्यातल्याच. विधवा. दारोदार धान्य मागून त्यांनी ते उभं केलं होतं. कापसाच्या व्यापाऱ्यांचं एक धर्मादाय मंडळ त्याला अनुदान द्यायचं आणि वर्षातून एकदा मंडळाचे वकीलसाहेब तपासणीला यायचे. शेरेबुकात त्यांचा शेरा चांगला पडला की वर्षभराची ज्वारी पक्की.

त्या दिवशी आम्ही पंचवीसजणी अंगणात रांगेत उभ्या होतो. नखं दाखवली. दात दाखवले. साहेबांनी छडीच्या टोकानं एकेकीची वेणी उचलून मानेवर उवा आहेत का ते पाहिलं. हात लावला नाही. बैलबाजारात गिऱ्हाईक निदान पाठीवर थाप तरी मारतं.

मग ते खुर्चीत बसले. मी खाली, शेरेबुक मांडीवर घेऊन.

"लिही. हरिजन मुली स्वच्छ आहेत."

लिहिलं. दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती. आम्ही बौद्ध होतो. तरी लिहिलं.

"अंगाला दुर्गंधी येत नाही."

तेही लिहिलं. माझ्याच अंगाबद्दल, माझ्याच हातानं, वळणदार अक्षरात.

"मॅट्रिकपुढे शिकण्याची यांची कुवत नाही. पुढील अनुदान कॉलेजसाठी न देता शिवणयंत्रांसाठी द्यावे."

हात थांबला. आठच दिवसांपूर्वी मॅट्रिकचा निकाल लागला होता. वलगावची कौसल्या आणि मी, दोघी पास. अमरावतीच्या कॉलेजचे आमचे अर्ज बाईंच्या पेटीत तयार होते. खर्च या अनुदानातूनच निघायचा होता.

"थांबलीस का? लिही."

"नाही लिहीत. हे खोटं हाय साहेब. आमी दोघी पास झालो."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई माझ्या कानाशी वाकल्या. "लिव व पोरी. पंचवीस पोरीयचं पोट हाय यात. आता लिव, मंग मंडळाच्या पाया पडू."

साहेबांचं बोलणं लागलं होतंच. हे जास्त लागलं.

मी उठले. शेरेबुक त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "तुमचं म्हणणं तुमच्या हातानं लिवा. माह्या हातानं नाई."

साहेब हसले. "बघा बाई, पोट भरलं की यांना तोंड फुटतं." खिशातलं पेन काढून त्यांनी तिसरं वाक्य स्वतः लिहिलं. त्याखाली आणखी एक. मुली उद्धट आहेत.

कॉलेजचे पैसे गेले. दोन शिवणयंत्रं आली. ज्वारी निम्मी झाली. जेवायला बसलं की पोरी म्हणायच्या, "काय व अक्षरवाली, भाकर सरली. आता अक्षरं खा." माझी माय अकोटच्या जिनिंगात कापूस निवडायची. ती येऊन म्हणाली, "लिवलं असतं त हात झडला असता काय तुहा?"

कौसल्याला तिचा बाप घेऊन गेला. लग्न ठरवलंच होतं त्यानं. पेटी उचलताना ती म्हणाली, "तू नाई म्हटलं, बरं केलं. पण बाईनं पाया पडून माहं कॉलेज करून घेतलं असतं. मले इचारलं काऊन नाई?"

  पाया पडून मिळालं असतं की नसतं, कोण सांगणार? पण विचारलं नाही, हे खरं आहे.

मी प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले. मुलांना शिकवत, बाहेरून परीक्षा देत बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली. हे मी छाती काढून सांगते. यात मंडळाची एक भाकरही नाही.

आता मी त्याच वसतिगृहाची चिटणीस आहे. परवा मंडळाचं पत्र आलं. खाली वकीलसाहेबांची सही. मंडळाचा अहवाल छापायचा आहे. 'आमच्या अनुदानातून पदवीधर झालेली कन्या' म्हणून माझा फोटो हवा, सोबत आभाराच्या चार ओळी. म्हणजे यंदाच्या अनुदानाचा विचार सहानुभूतीनं होईल.

बाई आता थकल्या आहेत. म्हणाल्या, "देऊन टाक व फोटो. तुहं काय जाते?"

पत्र पुढ्यात ठेवलं. हात शिवशिवत होते. 'नाही' असं लिहायला एक क्षण लागला असता. पण या वेळी मी एकटीनं ठरवलं नाही. सगळ्या मुलींना बसवलं. पत्र वाचून दाखवलं. ज्वारीचं काय होऊ शकतं, तेही सांगितलं. काहीच लपवलं नाही.

 मग नववीतली एक म्हणाली, "ताई, फोटो देल्ला त आमाले दात दाखवा लागणार नाई काय?"

"दाखवा लागन."

"मंग कायले देता?"

दोघीतिघींना हे पटलं नाही. त्यांना भूक दिसत होती. मलाही दिसत होती.

उत्तर पाठवलं आहे. अनुदानाचा अर्ज सोबत जोडला आहे, कारण अनुदान हवं आहे. फोटो मिळणार नाही. तपासणीला जरूर यावे. मुलींच्या वह्या पाहा, निकाल पाहा, स्वयंपाकघर पाहा. मुलींना उभं करून पाहता येणार नाही. बाईंनी सही केली. 

अनुदान बंद झालं तर पोरी काय खातील, ते अजून ठरलेलं नाही. अंगणात रांग लागणार नाही, एवढं ठरलं आहे.