कन्यादानाला कोण बसणार

मंगळवारी सकाळी माझी पत्नी वारली. मुलीचं लग्न ठरून त्या दिवशी अठरा दिवस झाले होते.

तेरावा झाल्यावर पहिला प्रश्न लग्नाचाच आला. मुलगी म्हणाली, पुढं ढकलू. मलाही ते बरं वाटलं. पण गुरुजींनी सांगितलं की अशा वेळी आपल्याकडं मुलीचं लग्न वर्षाच्या आत करतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. मुलाकडची मंडळी धारवाडचीच, घरात कानडी बोलणारी. त्यांनी निर्णय आमच्यावर सोडला. शेवटी तीन महिन्यांनंतरची, आधी धरलेली तारीखच कायम राहिली.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. मन घाबरलं की याद्या करायची मला सवय आहे. धारवाडातल्या आमच्या केलगेरीच्या घरात वही घेऊन बसलो आणि कशाकशाची भीती वाटते ते लिहीत गेलो. पाहुणे जास्त आले तर. वीज गेली तर. मुलाकडच्यांच्या पद्धती आणि आमच्या पद्धती जुळल्या नाहीत तर. माझी थोरली बहीण, अक्का, जुन्या हुबळीहून मदतीला येऊन राहिली होती. तिनं वही उघडून पाहिली आणि विचारलं, "पाहुण्यांना पण नंबर चिकटवणारेस काय?"

हळूहळू वहीतल्या ओळी खोडल्या गेल्या, पण त्या मी सोडवल्या नव्हत्या. हुबळीच्या देशपांडे नगरातल्या मंगल कार्यालयाच्या माणसानं मला मागच्या बाजूला नेऊन जनरेटर चालू करून दाखवला. आचारी म्हणाला की भात तो दोनदा लावतो, दुसऱ्यांदा पहिली पंगत बसलेली बघून. तेव्हा पानं वाढली तर ती काळजी त्याची, माझी नव्हे. मुलाच्या आईनं अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत सांगितलं की त्यांचे दोन विधी तेवढे करायचे, बाकी तुमच्या गुरुजींवर सोडू. बहुतेक काळज्या ज्याच्या त्याला विचारल्या की संपत होत्या. मी त्या इतके दिवस स्वतःलाच विचारत होतो.

एक गोष्ट मात्र मी वहीत लिहिलीच नव्हती. कन्यादानाला नवरा-बायको जोडीनं बसतात. मुलीच्या ओंजळीवर बाप ओंजळ धरतो आणि आई वरून पाण्याची धार सोडते. बायको नसेल तर पुरुषानं तिच्या जागी कमरेला सुपारी खोचून बसायचं. एकतीस वर्षं जी शेजारी बसली, तिच्या जागी सुपारी घेऊन भरल्या कार्यालयात आपण बसू शकू असं मला वाटत नव्हतं. अक्कानं तोड काढली. धाकटा भाऊ आणि त्याची बायको बसतील, जोडी पुरी दिसेल. मी लगेच हो म्हणालो.

चार दिवसांनी दुपारी मी पत्रिकांवर पत्ते लिहीत असताना मुलगी समोर येऊन बसली.

"अप्पा, काका-काकू चांगले आहेत. पण ते मला कसे देतील? मी त्यांच्याकडं होते कधी?"

मी खरं काय ते सांगितलं. मला तिथं रडू आवरणार नाही, सगळ्यांसमोर विधी अडून बसेल.

"मग रडा. मी पण रडणारच आहे. पण तिथं तुम्ही बसा."

संध्याकाळी मी अक्काला सांगितलं की मीच बसणार. तिनं गहू निवडता निवडता विचारलं, आणि पाणी कोण घालणार? मी म्हणालो, तू. तिचा हात थांबला. भावोजींना जाऊन वीस वर्षं झाली होती. तेव्हापासून प्रत्येक लग्नात ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहत आली होती. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. कुणी पुढंही बोलावलं नव्हतं; मीही नाही.

"मी? अन् लोक काय म्हणतील?"

"मग काय, सुपारी घालणार आहे पाणी?"

त्या मंगळवारनंतर ती पहिल्यांदा हसली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, गुरुजींना विचार. मी गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, धार मध्ये तुटू देऊ नका, एवढंच सांभाळा.

लग्नाच्या दिवशी पाहुणे जास्तच आले आणि आचाऱ्यानं दुसरा भात लावला. मी बसलो. माझ्या ओंजळीखाली मुलीचे हात होते, त्याखाली जावयाचे. मुलीचे हात गार पडले होते. अक्काच्या तांब्याची धार इकडंतिकडं सरकत होती आणि मी कोपरापर्यंत भिजलो. मागून कुणीतरी कानडीत हळूच काही बोललं. ते अक्कालाही ऐकू गेलं असणार, पण तिनं तांब्या खाली केला नाही. मला रडू आलं. हात मोकळे नव्हते, म्हणून पुसता आलं नाही. जावयानं मान खाली घातली. तांब्या रिकामा होईपर्यंत धार चालू राहिली.

याला आता चौदा महिने झाले. मुलगी बंगळूरला असते आणि रविवारी फोन करते. अक्का महिन्यातले आठ दिवस माझ्याकडं राहते. बाकीचे दिवस केलगेरीच्या घरात मी एकटा असतो.