दत्तूच्या सीमेवरची फौज

कूलरच्या वाऱ्याला दोन-चार म्हातारे बसले की किस्से आपोआप साचतात. आपण फक्त टाकीत पाणी ओतत राहायचं.

आमची बैठक वारंगा फाट्यावर, भाचा प्रकाशच्या झेरॉक्सच्या दुकानात. उन्हाळ्यात दुपारी गिऱ्हाईक नसतं. मग कॉम्प्युटरवर जुन्या राजांचा गेम चालतो. तह करायचे, सोयरिकी जोडायच्या, मुलूख जिंकायचे. मला अक्षर येत नाही, पण नकाशातले रंग कळतात. लाल राज्य माझं. मी सांगतो, प्रकाश बटण दाबतो.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर हिरवं राज्य, माझा धाकटा भाऊ दत्तूचं. त्याचं बटण प्रकाशची बायको सुनीता दाबते. शेताच्या बांधावरून दत्तूनं माझ्याशी बोलणं सोडलंय, त्याला बरीच वर्षं झाली. प्रकाशनं मात्र आमची राज्यं नेमकी शेजारी-शेजारी ठेवली!

*

पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "त्या पिवळ्याचा मुलूख घे."

"असा घेता येत न्हाई, मामा. लढाईला कारण लागतं. न्हाईतर समदे राजे आपल्यावर नाराज होतेत."

हॉटेलवाला मुंजाजी चहाचे कप आवरत म्हणाला, "कारण लागतं? मंग हा गेम आपल्या गावचा न्हाई!"

*

एकदा निळ्या राजाकडून आमच्या राजकन्येला मागणी आली. प्रकाश होकार दाबणार, तोच मुंजाजीनं त्याचा हात धरला. "थांब! पोरगं काय करतं?"

"राजकुमार हाय, काका!"

"ते असू दे. जमीन बागायती हाय का कोरडवाहू?"

चौकशी होईस्तोवर सगळी दुनिया पॉजवर!

लग्न झालं. पुढं निळ्याची फौज कमी पडली, तसा प्रकाश खूश. "मामा, आता घेऊनच टाकू!"

मी आणि मुंजाजी एकदम ओरडलो, "अरे, लेकीचं सासर हाय ते!"

*

लढाई मला जमत नाही, वेढा जमतो. किल्ल्याभोवती फौज बसवायची आणि वाट पाहायची. हळद विकायला मोंढ्याच्या बाजारात नंबर लागेस्तोवर बसायची सवय कामी आली.

मुंजाजी वैतागला. "काहून बसून राहिलास? काहीतरी कर की!"

"करूनच राहिलो," मी म्हणालो.

किल्ला पडला तेव्हा मुंजाजी घोरत होता.

*

दत्तूनं माझ्या सीमेवर फौज आणून ठेवली. मी प्रकाशला म्हणालो, "त्याला विचार, फौज काहून आणली?"

दत्तू सुनीताला म्हणाला, "सांग त्यायला, माझ्या हद्दीत हाय."

"तुमचे बाकडे चिकटून हायेत मामा," सुनीता म्हणाली, "आन् निरोप आमी पोचवायचा!"

*

मग एक दिवस काळ्या रंगाचा मोठा राजा दत्तूवर चालून आला. गाव पडलं, किल्ला पडला. हिरवा रंग तळहाताएवढा उरला. दत्तू नुसता पडद्याकडं बघत राहिला.

मुंजाजी माझ्या कानाशी आला. "बराबर मौका हाय. निम्मा मुलूख तू घेऊन टाक."

मी प्रकाशला म्हणालो, "समदी फौज काढ."

"कुणाच्या बाजूनं, मामा?"

"हे काय विचारणं झालं?"

दोन दुपारी लढाई चालली. माझे दोन किल्ले गेले, पण काळा माघारी पळाला. दत्तूचा मुलूख पुन्हा हिरवागार झाला. माझी लाल फौज त्याच्या राजधानीपाशी उभी होती.

प्रकाशनं विचारलं, "मोठे मामा, फौज माघारी बोलवू?"

मी तोंड उघडायच्या आधीच दत्तू उठला, टोपी झटकली आणि माझ्याकडं बघून म्हणाला,

"दादा, उपाशी फौज माघारी धाडतेत का? चल घरी. भाकरी टाकायला सांगतो."