रंग गेला कुठे?

त्यांना सगळे थेंबताई म्हणतात. घरोघरच्या पोहण्याच्या छोट्या तलावांचं पाणी तपासणं हे त्यांचं काम. त्याआधी अकरा वर्षं कापड रंगवण्याच्या कारखान्यात होत्या. अजूनही रंग दिसला की मान आपोआप तिकडे वळते.

त्या सकाळी एका बंगल्यावर पोचल्या तर तिथल्या काकू पोहण्याचा पोशाख घालून, काठी टेकत तलावाच्या पायऱ्यांपाशी हजर. गुडघ्याच्या ऑपरेशनला दीड महिना झाला होता आणि आजपासून पाण्यात चालायची डॉक्टरांनी परवानगी दिली होती.

"आटपा हो ताई. गुडघा नवा बसवलाय, धीर जुनाच आहे."

मागून काका क्लोरीनचा डबा घेऊन आले. "पाण्यात क्लोरीन टिकतच नाही! तीन दिवस तपासतोय, टाकतोय. नळी आपली पांढरीफटक."

थेंबताईंनी काचेच्या नळीत तलावाचं पाणी घेतलं, औषधाचे थेंब सोडले. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. जितकं जास्त, तितकं गडद. पाणी तसंच राहिलं.

"बघा! खोटं बोलतो का मी?" काकांनी डब्याचं झाकण उघडलं.

"थांबा हो काका. मला मघाशी काहीतरी दिसलं." त्यांनी नळी विसळून पुन्हा भरली, उजेडात धरली. "आता पापणी लववू नका."

थेंब पडला. गुलाबी रंग चमकला आणि विरला.

"आला होता ना? मग गेला कुठे?" थेंबताई स्वतःशीच पुटपुटल्या. मग एकदम, "पिण्याच्या पाण्याची सीलबंद बाटली आहे?"

एक भाग तलावाचं पाणी, नऊ भाग बाटलीतलं. थेंब टाकताच नळी गडद गुलाबी!

"अगं बाई! पाणी ओतल्यावर चहा कडक झाला की हा!" काकू म्हणाल्या.

"कारखान्यात कापडाचा रंग आम्ही क्लोरीननंच उडवायचो. इथे ते इतकं झालंय, की रंग आला रे आला की खाऊन टाकतंय."

काकांनी हळूच झाकण लावलं. "म्हणजे मी तीन दिवस…"

"आगीत तेल ओतत होतात," काकू म्हणाल्या. मग पाण्याकडे बघत, "आज नाहीच का?"

"आज नाही. डोळे चुरचुरतील, कातडी भाजेल. तलाव उघडा ठेवा, ऊन क्लोरीन कमी करेल. आणि डबा माझ्याकडे द्या."

काकू खुर्चीत बसल्या. डोक्यावरची पोहायची टोपी मात्र काढली नाही.

तिसऱ्या दिवशी नळीत फिकट गुलाबी रंग आला. थेंबताई बघत राहिल्या. शंभर आकडे मोजले.

"राहिला का?" काकूंनी पहिल्या पायरीवरून विचारलं.

"राहिला."

"अहो," काकूंनी काकांना हाक मारली, "ही काठी धरा."