अर्जवाल्या चाचांची अर्धी गोष्ट

अर्जवाले चाचा समोरचा माणूस बोलत असताना कधीच लिहीत नसत. पेनाला टोपण, कागद कोरा आणि नजर त्याच्या तोंडावर. कुणी घाईनं "लिवा ना, चाचा" म्हटलं तर म्हणत, "पैले बोलून घ्या. रडायचं असलं तर रडून बी घ्या. कागद कुठं पळून जात न्हाई."

भोकरदनला कचेरीच्या रस्त्यावर, एका बंद दुकानाच्या पायरीशी त्यांचं टेबल होतं. घरी उर्दू बोलणारा हा माणूस मराठी अर्ज असा लिही, की त्यात एक शब्द जास्तीचा सापडत नसे. मी तेव्हा कॉलेजात होते. हसनाबादची गाडी येईपर्यंत त्यांच्या बाकावर टेकायचे आणि ऐकत राहायचे.

एकदा एक बाई वेगळ्या रेशनकार्डासाठी आली. "नवऱ्यानं टाकलंय, असं लिवा," म्हणाली. चाचांनी लिहिलं, 'मी माझ्या दोन मुलांसह स्वतंत्र राहते.' ती गेल्यावर मी कारण विचारलं. म्हणाले, "टाकायला ती काय चिंधी हाय का? तिला हा कागद दहा जणांसमोर द्यावा लागंल, बेटी." शब्द माणसाला लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. निदान तसं वाटलं.

माझा पहिला लेख मी त्यांनाच दाखवला. 'अश्रूंचा महापूर' यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा पूर कधी आल्ता? भोकरदनला तर न्हाई आला." मी रुसले, पण घरी जाऊन ते खोडलं.

मग एका दुपारी ते आपणहून बोलले. केदारखेड्याच्या एका म्हातारीच्या अर्जात त्यांच्या हातून जमिनीचा गट नंबर चुकला होता. अर्ज नामंजूर झाला. चूक कुणाची, हे तिला कळलंही नव्हतं. चाचा स्वतः तिच्या घरी गेले, 'चूक माझी' म्हणाले आणि तिला सोबत घेऊन वर्षभर हेलपाटे घातले, तेव्हा कुठं तिचं काम झालं. "आजवर कुणाला सांगितलं न्हाई," म्हणाले.

मी ते लिहिलं. नाव बदललं, टेबल, टोपण, पायरी मात्र तशीच ठेवली. आणि गोष्ट अर्ज नामंजूर होतो तिथंच संपवली. लिहिणारा गप्प बसतो, म्हातारी नशिबाला बोल लावत घरी जाते. शेवट जबरदस्त आहे, असं सगळे म्हणाले. ती ज्या पुस्तकात आली, त्याला पुरस्कार मिळाला. भोकरदनमध्ये ती कथा मोबाइलवर फिरली आणि लोक पलीकडच्या दुसऱ्या अर्जवाल्याकडून अर्ज लिहून घेऊ लागले.

हे कानावर आलं तेव्हा मी गेले. भर बाजाराच्या दिवशी चाचा एकटेच पेपर वाचत बसले होते.

"गोष्ट वाचली," म्हणाले. "बराबर लिहिलीस. पुढचं का न्हाई लिहिलं?"

"तिथं संपवली की चांगली वाटत होती, चाचा."

त्यांनी मान हलवली. पेपराची घडी घातली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "चहा घेतीस?"

मी चहा घेतला. माफी मागायला आले होते, ती मागितली नाही.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशकांनी काही बदल करायचेत का, असं विचारलं. मी दोन दिवस विचार केला. शेवट बदलला तर कथा पडेल, अशी भीती वाटली. शुद्धलेखनाच्या तीन चुका तेवढ्या कळवल्या.

गेल्या वर्षी चाचा गेले. मी घरी भेटायला गेले तेव्हा चाचींनी मला जवळ बसवलं. आलेल्या बायकांना म्हणाल्या, "सबको बोलते थे, इस बच्ची को लिखना मैं सिखाया." लिहायला कुठं शिकलात, असं विचारलं की मी आजवर प्रत्येक मुलाखतीत वाचनालयाचं नाव सांगत आले होते.

चाचींना वाचता येत नाही. "तू उनके ऊपर लिखी बोलते ना?" त्यांनी विचारलं. "क्या लिखी, सुना."

मी सांगू लागले. नामंजूर अर्जापाशी आले आणि न थांबता पुढं सांगत गेले: ते केदारखेड्याला कसे गेले, काय म्हणाले, वर्षभर कसे फिरले. चाची डोळे पुसत हसल्या. "ऐसेच थे वो," म्हणाल्या.

त्यांना वाटलं, पुस्तकात हेच छापलंय.