बसायच्या जागेचं दुखणं

माकडहाडापाशी गाठ आली तेव्हा माझा पहिला संशय खुर्चीवर गेला. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. खुर्चीचा स्पंज कधीच दबलाय, खालची फळी टोचते. म्हटलं, असेल मुका मार. पण गाठ लिंबाएवढी झाली आणि बसणंच बंद झालं. सांगायचं कुणाला? हात मोडला तर माणूस गळ्यात अडकवून मिरवतो. ह्या जागेचं दुखणं मात्र आपणच काहीतरी भानगड केल्यासारखं लपवायचं.

शेवटी आईला सांगितलं. तिनं आधी स्वयंपाकघराची खिडकी लावली आणि मग म्हणाली, "कुनाला बोलू नगं. रविवारी पावनं यनार हायती."

करमाळ्याकडचं स्थळ होतं, मावशीनं आणलेलं. मुलगा पुण्याला नोकरीला. वडील गावाकडं शेतावर असतात, त्यामुळं सोलापुरातल्या घरात आईचाच शब्द चालतो. तिचं म्हणणं असं, की कुठल्याही दवाखान्यात जा, भावकीतलं कुणीतरी बाकड्यावर बसलेलं असतंच. लग्नाची पोरगी दवाखान्यात दिसली की लोक नाही नाही ते जोडतात, आणि गाठ हा शब्द कानावर गेला की पाहुणे वाटेतनंच माघारी. एकदा लग्न ठरू दे, मग काय ते बघू. एवढं बोलून तिनं वाटीत चुना-गूळ कालवायला घेतला. लेपानं गळू पिकतं आणि फुटतं, असं आमच्याकडं सगळ्यांनाच पाठ आहे.

फुटलं तर नाहीच, वरचं कातडं तेवढं भाजलं. रात्री पालथी, दिवसा एका कुल्ल्यावर. मी चिडचिडी झाले आणि सगळ्यांवर संशय घ्यायला लागले. मावशीचा फोन आला, "तब्येत बरी हाय न्हवं?" ती हे रोजच विचारते. पण त्या दिवशी मला त्यात काळंबेरं दिसलं. आईनं सांगितलं असणार. ऑफिसात दोघीजणी हळू बोलल्या की वाटायचं, माझ्या कपड्यांना वास येतोय. सिटीबसमध्ये रिकाम्या सीटसमोर मी दांडा धरून उभी, आणि कंडक्टर वळून वळून बघतोय. त्याला काय पडलंय? पण मला तेव्हा कंडक्टरसुद्धा करमाळ्याच्या पाहुण्यांचा माणूस वाटायचा.

रविवारी पाहुणे आले. कुंकू लावायला मला पाटावर बसवलं. मी डाव्या मांडीवर भार दिला आणि हात जमिनीला टेकून कशीबशी तोल सावरत बसले. मुलाच्या आईची नजर लगेच माझ्या पायांवर गेली. कुंकू झालं, ओटी झाली, आणि ती गोड आवाजात म्हणाली, जरा चालून दाखव. चालले. तिनं परत चालायला लावलं. मग मला ओलांडून आईलाच विचारलं, "पोरीच्या पायात काय दोष हाय का? असंल तर आदीच सांगा."

आई म्हणाली, "न्हाय वो, मुंगी चावली आसंल."

माझं डोकंच फिरलं. आठवडाभर चुन्याची आग सोसली ती मुंगीसाठी? मी म्हणाले, "पाय धड आहेत माझे. बसायच्या जागी गळू झालंय. आठ दिवस आई त्याला चुना लावतीय."

मुलगा पोह्यातले शेंगदाणे वेचत बसला. मावशीनं पदर तोंडाला लावला. कळवतो म्हणून पाहुणे गेले ते गेलेच. गाठ त्यांनी एक वेळ चालवून घेतली असती, माझं तोंड नाही, असा मला आजही संशय आहे.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी रजा टाकून सात रस्त्याकडच्या एका सर्जनबाईंकडं निघाले, तर ती पदर डोक्यावरून ओढून गुपचूप मागं आली. मला वाटलं, पाळत ठेवायला येतीय. काउंटरवरच्या मुलीनं चारचौघांत मोठ्यानं विचारलं, काय होतंय. मी म्हणाले, पाठ दुखतीय.

डॉक्टरबाईंनी बघितलं आणि आधी कातडं कुणी भाजलं ते विचारलं. आई भिंतीवरचा तक्ता वाचायला लागली. बाईंनी समजावून सांगितलं की तिथला केस कातड्याच्या आत शिरतो, आत पू साठतो, बसून काम करणाऱ्यांना होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गाठ कापून काढायची आणि जखम न शिवता रोज आत पट्टी भरायची. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं आहे का. प्रश्न पुरा व्हायच्या आत आई म्हणाली, "न्हाय." एवढी घाई कशाला, असं मनात आलं. पण मी तेव्हा सुईच्या धसक्यात होते.

गाठ निघाली. रोजची पट्टी आई बदलायला लागली. आणि तिचं मला नवल वाटायला लागलं. कुठल्या अंगावर झोपायचं, जुन्या लुगड्याची घडी कशी घालून टेकायचं, सगळं तिला आधीच ठाऊक. एकदा म्हणाली, "बसताना न्हाय, उठताना जास्त कळ येती, व्हय?" हे मी डॉक्टरांनासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

मी उशीतनं तोंड वर काढलं आणि सरळ विचारलं, तुला हे सगळं कसं माहीत?

पट्टी भरता भरताच ती म्हणाली, "मलाबी हाय की. तुज्या जल्माच्या आदीपासनं. लगीन ठरूस्तवर दम धर म्हनली माजी आई. ठरलं. मग कुनाला सांगायचं, तुज्या वडलांना?"

मी तिला पालथं झोपायला लावलं. ती तयार होईना. मावशीला सांगशील, म्हणाली. तिचा माझ्यावर संशय! देवाची शपथ घ्यायला लावली, दाराची कडी घालायला लावली, तेव्हा कुठं लुगडं सोडलं. तिथलं कातडं काळं पडून चामड्यासारखं जाड झालं होतं. वर्षानुवर्षं एकटीच हात मागं नेऊन चुना लावत आलेली. मधे एक भोक होतं, त्यातनं पाणी येत होतं. मला रागही आला आणि रडूही आलं, आणि राग नेमका कुणावर काढायचा ते कळेना.

मी म्हणाले, "उद्या डॉक्टरकडं जायचं. मी रजा टाकते."

आई उठली, निऱ्या नीट केल्या.

"उद्या नगं," ती म्हणाली. "मावशीनं बार्शीचं एक स्थळ बघितलंय. पावनं यायच्या टायमाला मी दवाखान्यात पडले, तर तुला कोन करून घील?"